दातेरी पॅडल आणि खर्ड्यापुढची वाडी

खर्ड्याला जाऊन आलो म्हटलं की शाळेतले सगळे मला किल्ल्याविषयी विचारतात. किल्ला पाहिला, चांगला आहे, आणि त्याच्याविषयी पुढे चार ओळी लिहीनच. पण नगरहून खर्ड्यापर्यंत, आणि तिथून पुढे डोंगरातल्या एका वाडीपर्यंत, मी सायकल हाणत गेलो ते किल्ल्यासाठी नव्हे. मला सायकलची दोन नवी पॅडलं वापरून बघायची होती. एवढ्यासाठी तीन दिवसांची रजा काढणारा मास्तर जिल्ह्यात दुसरा नसेल, असं आमचे हेडमास्तर म्हणाले. त्यांना खरं कारण माहीत नव्हतं.

खरं कारण माझ्या डाव्या पायात होतं. दोन वर्षांपूर्वी शाळेचं लोखंडी कपाट या खोलीतून त्या खोलीत नेताना ते माझ्या पावलावर पडलं, आणि अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. चालताना फारसं कळत नाही. बुटात कापूस भरला की लोकांनाही कळत नाही. सायकलवर मात्र लगेच कळतं. आपल्या सायकलींच्या पॅडलला दोन रबरी ठोकळे असतात, ते महिनाभरात गुळगुळीत होतात, आणि त्यांच्यावर पाय धरून ठेवण्याचं काम अंगठा करत असतो हे अंगठा गेल्यावर समजतं. माळीवाड्यासमोर भर बाजारात मी तीनदा पडलो. तिसऱ्यांदा भाजीवालीनं उठवलं, आणि त्या दिवसापासून सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच.

आणि १९७१ च्या जानेवारीत मला बढतीचा हुकूम आला. जामखेड तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी. खेड्यांत अजून 'दिपोटी' म्हणतात तोच हा माणूस. स्वीकारता की नाकारता, ते महिनाअखेर लेखी कळवा. काम सगळं फिरतीचं. एसटी जाते तिथं एसटीनं, आणि बहुतेक शाळा असतात तिथं एसटी जात नाही, म्हणून सायकलनं. सायकल न येणारे दिपोटी तालुक्याला बसून शाळांची रजिस्टरं मागवून घेतात आणि सह्या करून परत पाठवतात. अशा लोकांना एकोणीस वर्षं मी मधल्या सुट्टीत नावं ठेवलेली. आता मीच तसं करायचं म्हणजे पंचाईत होती.

ही अडचण मी फक्त शेजारच्या दत्तोबा मिस्त्रींना सांगितली. मिस्त्री नव्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात, आणि रविवारी भंगारवाल्याकडे जाऊन बसतात. आमच्या गावात लष्कराची छावणी असल्यामुळे भंगारही लष्करी असतं. त्यात त्यांना एका मोडक्या गाडीच्या ब्रेकची पायपट्टी दिसली. चिखलाचा बूट घसरू नये म्हणून तिला दाते होते. मिस्त्रींनी पंधरा दिवस खपून तळहाताएवढ्या रुंद, चपट्या लोखंडी पट्ट्यांची दोन पॅडलं केली. मधे किंचित खोलगट, आणि कडेनं आठ-आठ बारीक स्क्रू वर डोकावणारे. बुटाचा तळ त्यांच्यावर ठेवला की ते त्यात रुततात.

"नवीन आहेत, थोडी वाजतील. तुम्ही हात लावू नका," मिस्त्री म्हणाले. मी खिशात दोन पाकिटं घातली. एकात होकार, एकात नकार, दोन्हीवर तिकिटं लावलेली. मालती, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून म्हणाली, "जाऊन या. येताना सायकल एसटीच्या टपावर टाकून आलात तरी मी अवाक्षर काढणार नाही." ती अवाक्षर काढणार नाही याचीच मला धास्ती होती.

नगर ते आष्टी

भिंगार मागे पडलं तेव्हा चांगलंच उजाडलं होतं, आणि थंडीनं कान दुखत होते. पहिले दोन मैल मी फक्त पावलाकडे बघत होतो. समोरून बैलगाडी आली तेव्हा गाडीवानाला ओरडावं लागलं. पण पाय जिथं ठेवला होता तिथंच होता. चढाला उभं राहून जोर दिला, तरी तिथंच. दोन वर्षांनी मला वाऱ्याचा आवाज ऐकू आला आणि मी मोठ्यानं हसलो, हे कबूल करायला हरकत नाही.

पुढे डाव्या पॅडलमधून आवाज यायला लागला. कट्, कट्, दर फेऱ्याला एक. मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, पण मास्तर माणसाला कुणी काही सांगितलेलं पटत नाही. चिचोंडीला चहाच्या दुकानापुढे मी पिशवीतून पाना काढला. स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला की आवळतो, हे मी एकोणीस वर्षं मुलांना लिहून देत आलो आहे. त्याप्रमाणे पाना फिरवला. आधी हलेना, मग कुरकुरत पाव फेरा फिरला. आता पक्कं झालं, अशा समाधानात मी चहा प्यायलो.

आष्टीच्या अलीकडे जिल्हा बदलतो आणि मराठवाडा लागतो. रस्ता काही बदलत नाही, बोलणं बदलतं. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं दुधात आलेली. एका बांधावर आगटी पेटवून चार माणसं बसली होती. त्यातल्या एकानं हात वर केला. "कुठं चाललाव मास्तर? या हुरडा खायला!"

मी मास्तर आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. धोतर, कोट आणि सायकल म्हणजे मास्तरच असणार, असा हिशोब असावा. हाक मारणाऱ्याचं नाव बाबूराव. आमच्या नगरात चहासुद्धा "घेणार का?" असा विचारतात, आणि विचारताना समोरच्यानं नको म्हणावं असा चेहरा करतात. इथं कुणी विचारलंच नाही. आगटीतली गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकर मारून, दाणे माझ्यापुढच्या घोंगडीवर पडत राहिले. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. मी पुरे म्हटलं की बाबूराव म्हणत, "पुरं काय? अजून बसलाव कुठं!"

मग पॅडलांची तपासणी झाली. बाबूराव अनवाणी सायकलवर चढले आणि तितक्याच वेगानं खाली उतरले.

"आरं बाबौ! काटं लावल्यात का काय?"

"बूट घातला की टोचत नाही," मी म्हणालो.

"मंजी सायकलीसाटी बूट घ्यायचा? मास्तर, आमी बैलाला नाल ठोकतो, तुमी स्वतःलाच ठोकून घेतली!"

चौघं खो खो हसले, आणि मीही. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. हे पॅडल बुटाच्या माणसाचं आहे, आणि आपल्याकडे निम्मी सायकल अनवाणी चालते. मिस्त्रींना हे सांगायचं मी ठरवलं. त्या रात्री मुक्काम बाबूरावांकडेच पडला. भाकरी आणि वांग्याचं भरीत जेवून मी असा झोपलो की कूस बदलली नाही.

आष्टी ते खर्डा

सकाळी निघताना बाबूरावांच्या अंगणातून सायकल ढकलत बाहेर काढत होतो. पॅडल गरकन फिरलं आणि ते आठ स्क्रू माझ्या उजव्या नडगीवर येऊन बसले. तीन ओरखडे आणि चांगलं रक्त. बाबूरावांच्या आईनं हळद दाबून भरली आणि या सायकलीला बांधून ठेवत जा असं बजावलं.

कटकट वाढली होती. आता नुसता आवाज नव्हता, पाय दाबला की पॅडल थोडं कलायचं. मी थांबून पुन्हा पाना लावला आणि काट्यांच्या दिशेनं अर्धा फेरा आवळला. जामखेडला पोचेपर्यंत तीनदा. दर वेळी पाना आधीपेक्षा सहज फिरत होता. आता पॅडल रुळत चाललंय, असा अर्थ मी त्यातून काढला.

जामखेडला ज्या कचेरीत मला बसायचं होतं ती मी बाहेरून पाहिली. खिडकीतून एक टेबल आणि त्यावर रजिस्टरांचा ढीग दिसत होता. आत गेलो नाही. त्याऐवजी खाणावळीत गेलो, आणि तिथं हुलग्याची शेंगोळी मिळाली. नगरला आमच्या घरी शेंगोळी पातळ असतात. इथली दाट, लसूण हात सैल सोडून घातलेला, आणि वर कच्च्या तेलाची धार. दोन ताटल्या खाल्ल्या, आणि बदली झाली तर जेवणाची आबाळ व्हायची नाही एवढं तरी नक्की झालं.

खर्ड्याला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. किल्ला गावाला लागूनच आहे. डोंगरावर चढून जायचं नाही, दम टाकायचा नाही. सपाटीवर एकदम जाड, करड्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांच्या सावलीत शेळ्या बसलेल्या असतात. दरवाजातून आत गेल्यावर बाहेरचा गलका तुटतो. मराठे आणि निजाम इथंच लढले. वर्गात ही लढाई मी सालासकट धडाधड सांगतो. तिथं उभं राहिल्यावर मात्र माझ्या मनात एकच विचार होता, की उद्या ते पॅडल टिकेल ना. देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. झोपण्यापूर्वी पाना लावून मी डावं पॅडल शेवटचं आवळलं.

वाडी

जामखेड तालुक्यातली सगळ्यात अवघड शाळा कोणती, हे मी निघण्यापूर्वी विचारून ठेवलं होतं. खर्ड्याच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे, तिथं एकशिक्षकी शाळा आहे आणि गाडीवाटेशिवाय रस्ता नाही. तिथवर सायकल गेली तर सगळीकडे जाईल, असं माझं गणित होतं.

वाट सुरुवातीला बरी होती. मग चढ लागला, सुटे धोंडे लागले. मी उभा राहून जोर दिला, आणि डावं पॅडल पायासकट निघून खाली पडलं. मी त्याच्यावर पडलो, सायकल माझ्यावर पडली. गुडघा फुटला. पॅडल उचलून पाहिलं तर दांड्याच्या टोकाचे आटे चावल्यासारखे झालेले.

मी तिथं धोंड्यावर बसून मिस्त्रींना शिव्या दिल्या. मग पायाला दिल्या. पाय धडका असता तर हे असलं भंगार लावायची वेळच आली नसती. गुडघ्यापेक्षा ती गोष्ट जास्त झोंबत होती. माझं वय त्रेचाळीस, आणि मी आता नगरच्या शाळेत त्याच खुर्चीवर निवृत्त होणार हे मला त्या वाटेवर अगदी स्वच्छ दिसलं. सायकल ढकलत, लंगडत मी वाडी गाठली.

शाळा म्हणजे एक खोली आणि पडवी. पडवीच्या खांबाला लाल टपालपेटी लावलेली. अशा वाड्यांत शिक्षकच पोस्टमास्तर असतो. आतून पाढ्यांचा आवाज येत होता. आत कोण आहे हेही मी बघितलं नाही. खिशातून नकाराचं पाकीट काढलं आणि रागाच्या भरात पेटीत टाकून दिलं. आत पडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं नाही.

समोर चिंचेखाली एक म्हातारा दोर वळत बसला होता. त्याचं नाव ग्यानबा. त्यानं मला पाणी दिलं आणि गुडघा धुवायला लावला. बूट काढला तेव्हा मोजाही काढावा लागला, रक्त आत गेलं होतं. दोन वर्षांत मालती आणि डॉक्टर सोडून तो पाय कुणी पाहिला नव्हता. ग्यानबानं एकदा पायाकडे बघितलं, आणि लगेच त्याची नजर पॅडलकडे गेली. त्याला त्यात जास्त रस होता.

"ह्ये कशानं निगालं?"

"आवळून आवळून निघालं," मी वैतागून म्हणालो. "परवापासून सारखा आवळतोय."

"कसं आवळलं? करून दावा."

मी हातानं पाना फिरवल्यासारखं केलं. ग्यानबानं पॅडलच्या दांड्यावरच्या आट्यांवरून नख फिरवलं, मग वाकून सायकलीच्या उजव्या पॅडलकडे पाहिलं.

"मास्तर, ह्यो डावा पीळ हाय."

"काय?"

"उजव्या अंगाचं उजवं वळलंय, डाव्या अंगाचं डावं. तुमी ह्ये आवळलं न्हाई, सोडवलं. परवापासनं सोडवताय."

"स्क्रू नेहमी उजवीकडेच आवळतो," मी म्हणालो. वर्गात म्हणतो त्याच आवाजात.

ग्यानबा रागावला नाही. त्यानं हातातला दोर माझ्यापुढे धरला. "ह्ये बगा. ह्ये पदर एका अंगानं वळायचे, आन मग मिळून उलट्या अंगानं पिळायचे, तवा दोर धरतो. समदे एकाच अंगानं पिळले तर हातातनं सुटला की उकलतो. ज्यानं ह्ये केलं त्याला पीळ कळतो. लई शाना मानूस हाय."

मी उजवं पॅडल काढून दोन्ही शेजारी धरली. दोन आरशातल्यासारखी, उलट सुलट. मिस्त्रींनी बरोबर केलं होतं. माझा पायही दोन दिवस बरोबर करत होता. चुकत होता तो एकोणीस वर्षं मुलांना लिहून दिलेला माझा नियम, आणि त्याच्या पायी मी नोकरीला नकार लिहून पेटीत टाकला होता.

एक बूट घालून, एक हातात घेऊन मी शाळेकडे पळालो. आत वीस-बावीस मुलं आणि गीते गुरुजी. तिशीचा, किडकिडीत, खादीचा सदरा. मी काय झालं ते एका दमात सांगितलं.

"पेटीत पडलेलं पत्र काढून देता येत न्हाई," गीते गुरुजी शांतपणे म्हणाले. "नियमात बसत न्हाई."

"माझंच आहे हो ते!"

"तुमचंच असंल. पण पेटीत पडलं की ते टपाल. परत पायजे तर अर्ज लागतो. अर्ज लिहा, अक्षर जुळलं, तर बगू. अजून शिक्का पडला न्हाई हे तुमचं नशीब."

वीस पोरांच्या समोर, त्यांच्याच बाकावर बसून मी अर्ज लिहिला. 'विनंती' मधला वि ऱ्हस्व की दीर्घ याची मला घाईत शंका आली, एवढी माझी अवस्था होती. गुरुजींनी पेटी उघडली. आत एकच पाकीट. त्यांनी पत्ता आणि अर्जावरचं अक्षर बराच वेळ ताडून पाहिलं. मग पत्ता पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"शिक्षण खात्याला काय कळवताय?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "जामखेडला विस्तार अधिकारी म्हणून यायला नकार."

गुरुजी दारात गेले. बाहेर चिंचेखाली माझी बिनपॅडलची सायकल होती, ती बघितली. हातातला बूट बघितला. बहुधा पायही बघितला.

"चार वर्षं झाली मला इथं," ते म्हणाले. "एक दिपोटी आला न्हाई. रजिस्टर घेऊन मीच जामखेडला जातो, सही घेऊन येतो. ह्या पोरांना कुणी एक प्रश्न इचारला न्हाई." त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "तुमी निदान सायकलनं निगाला तरी होता."

मी मुलांना दोन-चार प्रश्न विचारले. सगळ्यांनी हात वर केले, आणि एकीनं सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. मी तिला शाबास म्हटलं.

उजवं पॅडल मी परत बसवलं, पुढचं काम ग्यानबाचं. आत शिल्लक असलेले आटे शाबूत होते. त्यानं घायपाताच्या पानांचा बारीक धागा, म्हणजे वाख, काढला, तेलात बुडवला, दांड्यावर डाव्या अंगानं घट्ट गुंडाळला, आणि पॅडल हातानं डावीकडे फिरवत आत घातलं. मग पाना लावून असा आवळला की सायकल जागची हलली. त्याच्या बायकोनं मला पिठलं-भाकरी खाऊ घातली. काही द्यायचं म्हटलं तर ग्यानबा म्हणाला, "पुन्यांदा याल तवा त्या मिस्त्रीला घिऊन या."

उतार उतरून खाली आलो ते कधी विसरणार नाही. त्याच धोंड्यांवरून सायकल दणके खात होती, दोन्ही पाय पॅडलांवर रुतून बसले होते, आणि माझ्या छातीवरचं दोन वर्षांचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं हलकं वाटत होतं. खर्ड्याच्या भिंती दिसल्या तेव्हा मी विनाकारण घंटी वाजवली. होकाराचं पाकीट जामखेडला टाकलं, टाकण्यापूर्वी पत्ता तीनदा वाचून. तिथून नगरपर्यंत पान्याला हात लावला नाही.

घरी पोचल्यावर मालती आधी सायकलीकडे आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "एसटी कुठाय?" मिस्त्रींना सगळं खरं सांगितलं. ते हसले नाहीत, फक्त वाख कसा गुंडाळला होता ते दोनदा विचारून घेतलं.

पुढच्या महिन्यात मी जामखेडच्या कचेरीत हजर झालो. कारकुनानं एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, 'शारीरिक व्यंग असल्यास तपशील'. मी लिहिलं, 'डाव्या पायाचा अंगठा व दोन बोटे नाहीत.' कारकून भला माणूस. तो हळूच म्हणाला, "साहेब, कोण बघतंय? 'नाही' लिहून टाका, उगाच अडचण नको." मी म्हणालो, असू दे. खालच्या रकान्यात दौऱ्याचं वाहन विचारलं होतं. तिथं 'सायकल' लिहिलं आणि सही केली.